दगडाचा पत्ता

आमच्या घरच्या देव्हाऱ्यांत एक शाळिग्राम आहे. माझ्या पणजोबांनीं तो काशीयात्रेहून परततांना आणला, असें घरांत सांगतात. लहानपणीं वडील पूजेस बसले म्हणजे मी त्या काळ्या, गुळगुळीत गोट्याकडे टक लावून पाहत असें, आणि त्याच्या अंगावरचें चक्र कोणीं कोरलें असें आजीला विचारीत असें. "बाळ, तें कोणीं कोरलेलें नाहीं," हें आजीचें ठरलेलें उत्तर. आजीचें म्हणणें अक्षरशः खरें होतें, हें मला पुढें शाळामास्तर झाल्यावर एका पुस्तकांत वाचून कळलें. नेपाळांत काली गंडकी नदीच्या खोऱ्यांत, मुक्तिनाथाच्या बाजूस, काळ्या चिकणखडकाचे थर आहेत. ते एके काळीं समुद्राचा तळ होते. त्या समुद्रांत शंखासारखें वळणदार कवच असलेले अमोनाइट नांवाचे प्राणी राहत. ते मेले, चिखलांत रुतले, चिखलाचा खडक झाला, आणि कालांतरानें हिमालय वर उचलला गेला तेव्हां समुद्राचा तो तळही त्याच्याबरोबर आकाशांत चढला. नदीनें खडक फोडून जे गोटे बाहेर काढले, त्यांवर त्या प्राण्याच्या कवचाचा ठसा राहिला आहे. तेंच आमचें चक्र.

आतां अशी कल्पना करा कीं, हा शाळिग्राम उद्यां कोणा भूगर्भशास्त्रज्ञाला आमच्या परसांत पडलेला मिळाला, आणि काशीयात्रेची हकीकत सांगणारें घरांत कोणी उरलें नाहीं. आमचा सारा मुलूख लाव्हारसाच्या काळ्या पाषाणाचा. तेथें सागरी प्राण्याचा मागमूस नाहीं. परंतु त्या एका गोट्याच्या बळावर तो गृहस्थ आमच्या गांवाच्या बोडक्या माळावर एक अफाट समुद्र आणून ओतील. दगड खोटा नाहीं, त्यावरचें चक्र खोटें नाहीं, त्या शास्त्रज्ञाचें ज्ञानही खोटें नाहीं. चुकला तो केवळ दगडाचा पत्ता.

या पत्त्याविषयींच आज मला बोलावयाचें आहे. हकीकत आपल्या देशांतली आहे आणि फार जुनीही नाहीं. १९६० नंतरच्या दशकांत तिचा आरंभ झाला आणि २००२ सालीं तिचा पडदा पडला, म्हणजे जो पडावयाचा होता तेवढा पडला. मी शास्त्रज्ञ नाहीं. मॅट्रिकनंतर अध्यापनाची पदविका घेऊन छत्तीस वर्षें मुलांना भूगोल व सामान्य विज्ञान शिकविलें, एवढाच माझा अधिकार. तरी हा विषय मीं निवडला त्यास एक घरगुती कारण आहे. तें ओघांत येईलच.

हिमालयाच्या पलीकडच्या अंगास स्पिती म्हणून एक उजाड, थंड, उंच प्रदेश आहे. तेथील खडकांचा पहिला पद्धतशीर अभ्यास मोराव्हियांत जन्मलेल्या फर्डिनंड स्टोलिच्का या तरुणानें केला. भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या नोकरींत तो १८६२ सालीं कलकत्त्यास आला आणि दोनच वर्षांनीं स्पितीच्या डोंगरांत शिरला. मुथ या खेडेगांवाच्या नांवानें जो खडकांचा थर आजही ओळखला जातो, त्याचें बारसें यानेंच केलें. दहा वर्षांनीं, १८७४ सालच्या जून महिन्यांत, यार्कंदच्या मोहिमेहून परततांना उंचावरील विरळ हवेनें मुर्गो येथें त्याचा अंत झाला. तेव्हां त्याचें वय छत्तीस वर्षांचें होतें. लेह येथें त्याचें स्मारक आहे. मेल्यावरही त्याच्या दगडांचा उपयोग झाला, कारण प्रत्येकाबरोबर तो कोठून, कोणत्या थरांतून घेतला याची नोंद होती. नंतरच्या मनुष्यानें त्या नोंदीवर बोट ठेवून त्याच घळींत उतरावें आणि त्याच थरावर हातोडा मारावा, हा या शास्त्राचा साधा दंडक आहे.

रसायनशास्त्रांतला प्रयोग कोणालाही आपल्या प्रयोगशाळेंत पुन्हां करून पाहतां येतो. जीवाश्मांचें तसें नाहीं. जीवाश्म म्हणजे एक साक्षीदार. तो काय सांगतो हें तो कोठें उभा होता यावर अवलंबून असतें. अमुक प्रकारचा शंख हिमालयांत अमुक थरांत मिळाला असें म्हटलें म्हणजे त्यावरून त्या थराचें वय ठरतें, त्या काळीं तेथें समुद्र होता कीं जमीन तें ठरतें, तो समुद्र दुसऱ्या कोणत्या समुद्राला जोडलेला होता तें ठरतें, आणि खंडें एकमेकांपासून किती दूर होतीं याचा अंदाजही बांधला जातो. एवढी मोठी इमारत ज्या पायावर उभी राहते तो पाया म्हणजे बोटभर कागदाची चिठ्ठी. त्या चिठ्ठीवर शोधणाराच्या शब्दावांचून दुसरी साक्ष बहुधा नसते. स्पितीच्या किंवा काश्मीरच्या बर्फाळ खिंडींत त्याच्यामागें कोण जाणार?

चंडीगडच्या पंजाब विद्यापीठांत डॉ. विश्वजित गुप्ता हे भूगर्भशास्त्राचे अध्यापक होते. १९६० नंतरच्या दशकांत डॉक्टरेटच्या अभ्यासापासून त्यांनीं हिमालयांतील जीवाश्मांवर लिहावयास आरंभ केला, आणि पुढील पंचवीस वर्षांत त्यांच्या नांवावर तीनशेंहून अधिक शोधनिबंध जमा झाले. त्यांत चाळीस कोटी वर्षांच्या आसपासचे, सायल्यूरियन व डेव्होनियन या कालखंडांतले जीवाश्म होते, दातासारखे दिसणारे, भिंगाखालीं पाहावे लागणारे कोनोडोंट होते, समुद्रकमळें होतीं, आणि शाळिग्रामांतल्या प्राण्याचे पूर्वज म्हणतां येतील असे अमोनॉइडही होते. हिमालयाविषयीं जगांत कोणीही ग्रंथ लिहूं लागला कीं त्याला गुप्तांचे निबंध आधारास घ्यावे लागत. निरनिराळ्या देशांतील नामांकित तज्ज्ञांनीं त्यांच्याबरोबर निबंध लिहिले.

या सहलेखनाची रीत समजून घेतल्यावांचून पुढची गोष्ट उमगावयाची नाहीं. एखाद्या विशिष्ट जातीच्या जीवाश्माचा जाणता मनुष्य सगळ्या जगांत पांचदहाच असतो. त्याच्याकडे हिमालयांतून एक पुडकें येतें. बरोबर पत्र असतें कीं, हे आम्हांस अमुक ठिकाणीं मिळाले, आपण ओळखावे आणि आपण दोघांच्या नांवें प्रसिद्ध करूं. जाणता मनुष्य भिंग लावतो आणि जात अचूक ओळखतो. स्थळाचें वर्णन मात्र तो पत्रांतून उतरून घेतो. निबंधाचा अर्धा भाग त्यानें डोळ्यांनीं पाहून लिहिलेला असतो, अर्धा दुसऱ्याच्या शब्दावर. आणि छापून आल्यावर दोन्ही अर्ध्यांना त्याच्या कीर्तीचें सारखेंच वजन येतें. संपादकही तीं दोन नांवें पाहतो, जातीचें वर्णन तपासून घेतो आणि निबंध छापतो. कोणाही एकास मूर्ख म्हणावें असें यांत कांहीं नाहीं. सज्जनांच्या व्यवहारांत विश्वास असाच चालतो. पण विश्वासाच्या या सांखळींत पत्ता तपासण्याचें काम कोणाच्याच वांट्यास आलेलें नव्हतें, हें पंचवीस वर्षें कोणाच्या लक्षांत आलें नाहीं.

येथें माझी घरगुती हकीकत सांगतों. १९८७ सालीं मी एका खेड्यांतल्या शाळेंत नवाच मास्तर होतों. मुलांना घेऊन मीं दगडांचा एक लहानसा संग्रह केला होता: ओढ्यांतले गोटे, पोकळ्या असलेला काळा पाषाण, चुनखडीचे खडे, आणि प्रत्येकाखालीं चिठ्ठी. एके दिवशीं सातवींतल्या एका मुलानें हिरव्या स्फटिकांची अशी सुरेख गारगोटी आणली कीं सारा वर्ग लोटला. "कोठें मिळाली रे?" "गुरुजी, आमच्या विहिरीच्या खोदाईंत." आमच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत अशा गारगोट्या मिळतात, तेव्हां अविश्वास धरण्याचें कारण नव्हतें. मीं वळणदार अक्षरांत चिठ्ठी लिहिली. तपासणीस आलेले साहेब त्या गारगोटीपाशीं थांबले, मुलाची पाठ थोपटली, आणि शाळेच्या शेरेबुकांत संग्रहाविषयीं चार चांगल्या ओळी लिहून गेले. सहा महिन्यांनीं एका लग्नाच्या पंगतींत त्या मुलाचा थोरला भाऊ सहज बोलून गेला कीं, ती गारगोटी आम्ही सहलीला गेलों होतों तेव्हां वेरूळला लेण्यांबाहेर एका फिरत्या विक्रेत्याकडून दहा रुपयांस घेतली. मीं ही गोष्ट हेडमास्तरांच्या कानावर घातली. ते म्हणाले, "आतां कशाला उकरतां? शेरा पडून गेला." आणि मला, श्रोतेहो, तें बरें वाटलें. मीं चिठ्ठी बदलली नाहीं.

हें लक्षांत ठेवून आतां पुढें चला.

ऑस्ट्रेलियांत सिडनी येथें मॅक्वारी विद्यापीठ आहे. तेथील प्राध्यापक जॉन टॅलेंट हे डेव्होनियन काळाचे जाणते. हिमालयांत ते स्वतः हिंडले होते, आणि गुप्तांचे निबंध त्यांनीं वर्षानुवर्षें वाचले होते. त्यांना प्रथम खटकलें तें असें कीं, त्या निबंधांतले जीवाश्म त्या पर्वताला शोभत नाहींत. दुसरें असें कीं, स्थळांचीं वर्णनें इतकीं मोघम कीं त्यांवरून दुसऱ्या मनुष्याला त्या जागीं जाऊन उभें राहतां येऊं नये. मग त्यांनीं चित्रें एकाशेजारीं एक मांडून पाहिलीं. परीक्षेचे पेपर तपासणाऱ्या आम्हां मास्तरांना हा उद्योग चांगला परिचयाचा आहे. दोन मुलांचीं बरोबर उत्तरें सारखीं असलीं तर आम्ही कांहीं म्हणत नाहीं. पण एकच खाडाखोड दोन्ही वह्यांत त्याच ओळीवर दिसली म्हणजे आमचा हात थबकतो. येथेंही तसेंच झालें. एकाच जीवाश्माचें चित्र निरनिराळ्या निबंधांत निरनिराळ्या स्थळांच्या नांवाखालीं आलेलें दिसलें. प्रत्येक जीवाश्माला मोडतोडीची, चिरांची आपली आपली खूण असते. एक दगड दोन डोंगरांत कसा सांपडेल?

मग हे दगड आले कोठून? उत्तर आफ्रिकेंत मोरोक्को देशांत, सहारा वाळवंटाच्या कांठावर, एर्फूद नांवाचें गांव आहे. त्याच्या आसमंतांत डेव्होनियन काळाचे अमोनॉइड मुबलक मिळतात. तेथील लोक ते खणून, घांसून, चकचकीत करून विकतात. आपल्याकडे वेरूळ-अजिंठ्यास गारगोट्या विकतात तसेच. युरोपांतल्या दुकानांतूनही ते विकत मिळतात. हिमालयांतले म्हणून छापलेले अमोनॉइड हे एर्फूदच्या मालाशीं हुबेहूब जुळत होते. कोनोडोंटांची वाट आणखी दूरची निघाली. अमेरिकेंत न्यूयॉर्क संस्थानांत अॅम्सडेल क्रीक नांवाचा एक ओढा आहे. तेथील कोनोडोंट अभ्यासकांच्या संग्रहांतून पूर्वींपासून प्रसिद्ध आहेत. हिमालयांतले म्हणून छापलेले कांहीं कोनोडोंट त्या ओढ्यांतले होते, असें टॅलेंट यांनीं दाखविलें. त्या प्राचीन काळीं आजचें न्यूयॉर्क एका खंडावर होतें आणि आजचा स्पिती दुसऱ्या खंडाच्या कडेस, दूर दक्षिणेकडे. दोहोंकडचे प्राणी इतके एकसारखे असणें म्हणजे कोल्हापुरच्या रंकाळ्यांत आणि केरळाच्या खाडींत एकाच दिवशीं तोच मासा गळाला लागण्यासारखें होतें.

इंग्लंडांत १९१२ सालीं पिल्टडाउन येथें एक प्राचीन मानवाची कवटी सांपडल्याचा गाजावाजा झाला होता, आणि ती लबाडी उघडकीस यावयास १९५३ साल उजाडलें, हें आपणांपैकीं अनेकांस ठाऊक असेल. तेथें लबाडी करणाराला वानराचा जबडा रंगवावा लागला, दांत कानशीनें घांसावे लागले. येथें दगडाला बोटही लावावें लागलें नाहीं. बदलली ती चिठ्ठी. म्हणून पिल्टडाउनची लबाडी शेवटीं सूक्ष्मदर्शक यंत्राला आणि रसायनाला दिसली. ही कोणत्याही यंत्राला दिसली नसती.

१९८७ सालीं कॅनडांत कॅल्गरी येथें डेव्होनियन काळाच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेथें टॅलेंट यांनीं हीं चित्रें सर्वांसमक्ष मांडलीं. गुप्ताही त्या परिषदेस होते. त्या सभागृहांत त्या घटकेस काय वाटलें असेल याची मी कल्पना करूं पाहतों. माणसाच्या देखत त्याच्यावर असा आरोप करणें ही सोपी गोष्ट नव्हे. पाठीमागें कुजबुजणें हें फार सोपें, आणि तसें बरेंच चाललेंही असेल. पुढच्या वर्षीं, १९८८ सालीं, फ्रँकफर्टच्या सेंकेनबर्ग संस्थेच्या नियतकालिकांत टॅलेंट, गोयल, जैन व पिकेट या चौघांनीं एक विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. भारत, नेपाळ व भूतान यांतील सायल्यूरियन आणि डेव्होनियन काळांविषयींच्या विसंगती असा त्याचा विषय. शीर्षकांत "लबाडी" हा शब्द नाहीं. "विसंगती" हा आहे. गोयल आणि जैन हे भारतीय संशोधक होते, हें मुद्दाम सांगतों. कारण पुढें या प्रकरणाला परक्यांनीं आपल्या देशावर घेतलेला आळ असें रूप देण्याकडे कांहीं लोकांचा कल झाला.

तो निबंध तज्ज्ञांच्या कपाटांत तसाच पडून राहिला. मग २० एप्रिल १९८९ रोजीं लंडनच्या "नेचर" या साप्ताहिकांत टॅलेंट यांचा लेख आला, आणि जगभर बोभाटा झाला. "नेचर" हें १८६९ पासून निघणारें पत्र. त्यांत छापून आलेलें दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत उतरतें. लेखाचें नांव भटक्या जीवाश्मांचें प्रकरण अशा अर्थाचें होतें. दगड आपल्या पायांनीं भटकत नाहींत, एवढाच त्यांतला टोमणा.

संपादकांनीं येथें एक गोष्ट चांगली केली. एकाचा आरोप छापून ते स्वस्थ बसले नाहींत. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत त्यांनीं गुप्तांचें उत्तर छापलें, आणि इतरांचींही मतें छापलीं. गुप्तांनीं आरोप साफ नाकारले. परंतु त्याच पानांत त्यांच्याच विभागांतले सहकारी अरुणदीप अहलुवालिया यांनीं त्यांच्या विरुद्ध लिहिलें, आणि पॅरिसचे फिलिप जान्व्हिए यांनीं, जे स्वतः गुप्तांचे सहलेखक होते, विश्वास कसा मोडला याची कथा सांगितली. अहलुवालियांचें धैर्य मला टॅलेंट यांच्याहूनही मोठें वाटतें. टॅलेंट यांची खुर्ची सिडनीस होती. अहलुवालियांना दुसऱ्या दिवशीं त्याच व्हरांड्यांतून जावयाचें होतें, त्याच शिपायाकडून चहा घ्यावयाचा होता. ज्यांनीं नोकरी केली आहे त्यांस याचा अर्थ फोड करून सांगावयास नको.

विद्यापीठानें गुप्तांना कांहीं काळ निलंबित केलें. निवृत्त न्यायमूर्तींकडून चौकशी झाली, आणि ते दोषी ठरले. झालेला दंड मात्र बेताचाच होता. ते विद्यापीठांत परत आले, अध्यापकाच्या जागेवर राहिले, आणि २००२ सालीं वयोमानाप्रमाणें रीतसर निवृत्त झाले. माझ्या एका मित्राला हें ऐकून फार संताप आला. तो म्हणाला, माणसाला रस्त्यावर आणावयास हवें होतें. मला तसें वाटत नाहीं. कोणाची भाकरी गेली किंवा राहिली यानें मुथच्या थराचें वय बदलत नाहीं. मला खटकतें तें निराळेंच. ज्या विद्यार्थ्यांनीं त्या वर्षांत त्या विभागांत हिमालयाचा अभ्यास केला, त्यांनीं वर्गांत काय पाहिलें? दोषी ठरलेला मनुष्य फळ्यासमोर उभा आहे आणि जग चाललें आहे तसें चाललें आहे, हेंच ना? शिक्षा गुन्हेगारासाठीं असते असें आपण समजतों. वर्गाच्या मागच्या बांकावर बसलेलें पोर ती आपल्यासाठीं वाचीत असतें.

आणि ते तीनशें निबंध? ते कोठें जाणार? पाटीवरचें चुकलेलें गणित ओल्या फडक्यानें पुसतां येतें. छापलेल्या निबंधाचें तसें नाहीं. ते लंडन, टोकियो, पुणें, कलकत्ता येथल्या ग्रंथालयांत कातडी बांधणीच्या खंडांत बसले आहेत. त्यांतलीं माहितीचीं वाक्यें दुसऱ्यांच्या ग्रंथांत गेलीं आहेत, तेथून तिसऱ्यांच्या. पुन्हां त्या तीनशेंतला प्रत्येक शब्द खोटा होता असेंही नव्हे. आणि हीच मोठी पंचाईत. धान्यांत खडे मिसळले म्हणजे सगळें पोतें फेंकावें कीं दाणान् दाणा निवडावा?

निवडण्याचें काम ज्यांनीं केलें त्यांचें नांव फारसें कोणी घेत नाहीं, म्हणून मी घेतों. अमेरिकेंतले गॅरी वेब्स्टर हे समुद्रकमळांचे अभ्यासक. १९७१ सालीं काश्मीरांतल्या म्हणून सांगितलेल्या अशाच एका जीवाश्मावर गुप्तांबरोबर त्यांनींही आपलें नांव घातलें होतें. त्यांना गप्प बसतां आलें असतें. आपणही फसविले गेलों एवढें म्हणून हात झटकतां आले असते. त्यांनीं तसें केलें नाहीं. १९७१ पासून १९८९ पर्यंत त्या वर्गाच्या प्राण्यांवर गुप्तांनीं जे निबंध लिहिले ते सर्व, त्यांत आपण स्वतः सही केलेले धरून, त्यांनीं एकेक काढून तपासले, आणि त्यांपैकीं कोणत्यावर किती विसंबावें याचा निवाडा १९९१ सालीं "जर्नल ऑफ पॅलिऑन्टॉलॉजी" या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. १९९३ सालीं त्यांनीं रेक्सरोड व टॅलेंट यांच्यासह कोनोडोंटांवरच्या निबंधांचीही तशीच झडती घेतली. हें काम किती कंटाळवाणें असेल! त्यांत नवा शोध नाहीं, कीर्ति नाहीं, कोणाचा सत्कार नाहीं. वीस वर्षांपूर्वींची आपली सही पुन्हां उघडून पाहावयाची आणि तिच्याखालीं लिहावयाचें कीं, ही धरूं नये.

या प्रकरणानंतर बऱ्याच गोष्टी सुधारल्या, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. आपल्या देशांत शास्त्रज्ञांच्या वर्तनावर नजर ठेवणारी एक खाजगी संस्था दिल्लीस १९८६ सालींच निघाली होती. इंग्लंडांत १९९७ सालीं वैद्यकीय नियतकालिकांच्या कांहीं संपादकांनीं एकत्र येऊन एक मंडळ स्थापिलें. पुढें तें जगभरच्या संपादकांचें झालें. त्याच्या मार्गदर्शनांतलें एक सूत्र मला फार आवडतें: निबंध मागें घेण्याचा हेतु लेखकाला शिक्षा करण्याचा नाहीं, छापील ज्ञान दुरुस्त करण्याचा आहे. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१८ सालीं वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. प्रबंधांत दहा टक्क्यांपर्यंत साम्य आढळलें तर क्षम्य. चाळीसपर्यंत आढळलें तर दुरुस्त करून पुन्हां सादर करा. साठाच्या वर गेलें तर नोंदणीच रद्द. यंत्र वाक्यें मोजतें आणि आंकडा सांगतें. हें ठीकच आहे. उचललेलीं वाक्यें पकडलींच पाहिजेत. परंतु गुप्तांचे निबंध या यंत्राखालून काढले असते तर कदाचित् एक टक्काही साम्य निघालें नसतें. वाक्यें त्यांचींच होतीं. एर्फूदचा दगड स्पितीचा म्हणून सांगणारें वाक्य जगांत दुसऱ्या कोणीं लिहिलेलें असणार कसें? आमच्या चौकशीचें सारें बळ आज जेथें दिवा आहे तेथें शोधण्यांत खर्च होत आहे, असें मला वाटतें. पुडकें आलें तर पाठविणाऱ्याला "मला ती जागा दाखवा" असें म्हणणारा सहलेखक, आणि सहलेखकाला "आपण ती जागा पाहिली काय?" असें एका ओळींत विचारणारा संपादक, यांना यंत्र लागत नाहीं.

तीनशें या आंकड्याविषयींही एक शब्द. पंचवीस वर्षांत तीनशें म्हणजे महिन्यास एक. हिमालयाच्या त्या उंचीवर वर्षांतले तीनचार महिनेच काय तें हिंडतां येतें. हा साधा गुणाकार, भागाकार पंचवीस वर्षें कोणीं केला नाहीं. उलट आंकडा जितका वाढला तितका मान वाढला. जेथें बढती, मानमरातब, परदेशांतलीं निमंत्रणें हीं सर्व निबंधांच्या संख्येवर मोजलीं जातात, तेथें खोट्या चिठ्ठ्या लिहिणारा एकटाच जबाबदार धरावा कीं ती मोजपट्टी करणारेही, हा प्रश्न चौकशी करणाऱ्या न्यायमूर्तींपुढें नव्हता. तो आपणांपुढें आहे.

मी २०१८ सालीं निवृत्त झालों. निवृत्तीनंतर एका मासिकांत वेब्स्टर यांच्याविषयींचा मजकूर वाचण्यांत आला, आणि तें वाचून मला दोन रात्रीं नीट झोंप लागली नाहीं. तिसऱ्या दिवशीं एस्टीनें त्या गांवीं गेलों. शाळेची इमारत नवी झाली आहे; पण ते लांकडी कपाट तसेंच आहे, आणि आंत ती हिरवी गारगोटी, थोडी धुळकटलेली, आपल्या जागीं आहे. चिठ्ठी पिवळी पडली आहे, अक्षर माझें. हेडमास्तरांच्या जागीं आतां एक तरुण बाई आहेत. मीं त्यांस सगळी हकीकत सांगितली. त्या म्हणाल्या, "सर, नवी चिठ्ठी लिहून जुनी फाडून टाकूं या का?" मीं म्हटलें, "नको बाई, जुनी राहूं द्या." तिच्यावर एक तिरकी रेघ मारली, शेजारीं दुसरी चिठ्ठी लावली: "वेरूळ येथें विकत घेतलेली. मूळ स्थळ अज्ञात." खालीं तारीख घातली, माझी सही केली. मुलाचें नांव त्या जुन्या चिठ्ठीवर होतें. तेवढें मात्र मीं गडद शाईनें खोडलें.